वर्गात ‘ठीक’ चालत नाही

माझे वडील जगात कुणालाही विचारू शकतात, ‘तुझ्या जिवाचं कसं चाललंय?’ दूधवाल्याला, बँकेतल्या साहेबाला, एकदा तर त्यांच्याच हर्नियाचं ऑपरेशन करायला निघालेल्या सर्जनला. उलट त्यांनाच कुणी विचारलं की मात्र गाडं अडतं. गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून दर रविवारी मी हॉलंडमधल्या टिलबर्गजवळच्या आमच्या खेड्यातून फोन लावायचे, ‘पप्पा, कसे आहात?’ आणि पलीकडून यायचं, ‘प्रभूच्या कृपेनं ठीक.’ जेवलात? ठीक. झोप? ठीक. गुडघा? ठीक. सरकारी अनुदानसुद्धा इतकं सरसकट मिळत नाही.

म्हणून मी त्यांना इकडे बोलावून घेतलं. हा माणूस एकटा राहू शकतो की नाही, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. मी एकुलती एक, त्यामुळे विचारायलाही दुसरं कुणी नाही. तीन महिने बाप बघावा आणि वेळेत परत करावा, लायब्ररीच्या पुस्तकासारखा, असा इथल्या व्हिसाचा नियम आहे. नवऱ्याने सुचवलं होतं की गावाकडच्या घरात कॅमेरा बसवू. तो ब्रेडाला आयटीत आहे, त्याला सगळ्या दुःखांवर कॅमेरा दिसतो.

पप्पा आले ते पवित्र शास्त्र, गायनाचं पुस्तक आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन. पहिल्या आठवड्यातच त्यांचा भ्रमनिरास झाला. त्यांची अशी प्रामाणिक समजूत होती की गोरे लोक म्हणजे उठता-बसता प्रार्थना करणारे. ज्यांनी आपल्याकडे बैलगाडीतून धर्म आणला, त्यांच्या घरी तो भरून वाहत असणार! मी त्यांना फिरायला नेलं. एका चर्चमध्ये लोक दोऱ्या बांधून भिंतीवर चढत होते. दुसऱ्यात सायकलींचं दुकान होतं. तिसऱ्यात फ्लॅट निघाले होते आणि रंगीत काचेच्या खिडकीतून कुणाचं तरी वॉशिंग मशीन दिसत होतं.

‘ह्यांनी सगळं आपल्याकडं पाठवून दिलं काय?’ पप्पा म्हणाले. ‘स्वतःला काहीच ठेवलं नाही?’

आमचं घराणं मेथडिस्ट. इथल्या पुणे-मुंबईकरांच्या मराठी मंडळात हे सांगितलं की समोरचा क्षणभर माझ्या कपाळाकडे बघतो आणि मग मोठ्या मनाने म्हणतो, ‘अरे वा, पण मराठी किती छान बोलता!’ मीही मोठ्या मनाने म्हणते, ‘तुम्हीपण.’

आता ह्या मेथडिस्टांचं मूळ इंग्लंडातलं. तिथे चर्चने दारं लावून घेतली म्हणून त्यांचे पहिले उपदेशक शेतात, खाणीच्या तोंडाशी, बाजाराच्या ओट्यावर उभे राहिले. घोड्यावर बसून पावसापाण्यात खेडी पालथी घालायची, आणि ज्याला बोलता येतं त्याला उभं करायचं, मग तो विणकर असो की लोहार. त्यातलाच एक मिशनरी पुढे कधीतरी आमच्या बालाघाटाच्या डोंगरात उगवला. बैलगाडी, पायपेटी आणि पुस्तकातून शिकलेलं मराठी. लोक पायपेटी बघायला जमायचे. त्याच्या उपदेशातलं कुणाला काही कळत नसे. साहेब गातो बरा, एवढ्यावर एकमत होतं. खरं काम केलं ते त्याच्या मागून चालत जाणाऱ्या आपल्याच माणसांनी. कोणत्या उपदेशकाने कोणत्या रविवारी कोणत्या गावी जायचं, ह्याचा तीन महिन्यांचा तक्ता निघायचा. त्याला ‘प्लॅन’ म्हणत. मी टिलबर्गच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकांचे प्लॅन करते. म्हणजे पिढीजात धंदाच म्हणायचा, फक्त माझ्या मालाला वजन आहे.

त्या उपदेशकांपैकी एक जण आमच्या गावाबाहेर, चिंचेखाली, माझ्या पणजोबांच्या शेजारी घोंगडीवर बसला. त्याने आमच्या मडक्यातलं पाणी मागून घेतलं. हे एवढंच आधी गावभर झालं. मग त्याने पणजोबांना विचारलं, ‘तुझ्या जिवाचं कसं चाललंय?’ तोवर पणजोबांना गावाने दोनच प्रश्न विचारले होते, काम झालं का आणि सावली कुणावर पडली. ते म्हणाले, ‘ठीक हाय, मायबाप.’ उपदेशकाने पुन्हा विचारलं. पुन्हा ठीक. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पणजोबा म्हणाले, ‘पाय दुखत्यात.’ उपदेशकाने पाय मांडीवर घेऊन बघितले, काटा काढला. आमच्या घराण्याचा धर्म असा पायापासून सुरू झाला. ह्यात तत्त्वज्ञान शोधू नये, काटा खरंच मोठा होता.

तेव्हापासून गावात वर्ग सुरू झाला. वर्ग म्हणजे शाळा नव्हे. दहा-बारा माणसांनी आठवड्यातून एकदा गोल बसायचं आणि वर्गाच्या पुढाऱ्याने एकेकाला तोच प्रश्न विचारायचा. नियम दोनच. ‘ठीक’ म्हटलं तर पुन्हा विचारायचं. आणि पुढाऱ्याने आधी स्वतःचं सांगायचं, मग दुसऱ्याचं विचारायचं. आजोबा पुढारी होते, नंतर पप्पा झाले. पप्पांनी पहिला नियम कडक पाळला. दुसरा त्यांच्या काळात कधी गळाला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता तर वर्गच बंद झालाय. नव्या पाळकाने, म्हणजे पाद्र्याने, कीबोर्ड आणला, पप्पांना शाल दिली आणि पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आपल्याकडे शाल मिळाली की समजावं, माइक गेला.

महिनाभर मी पप्पांवर पाळत ठेवली. काही हाती लागलं नाही. ते नीट जेवत, वेळेवर झोपत, विचारलं की ठीक म्हणत. मग शेजारणीचा वाढदिवस आला.

शेजारीणबाई विधवा, सत्तरीच्या, आणि गावच्या इतिहास मंडळाच्या सर्वेसर्वा. डच वाढदिवस ज्याने बघितला नाही त्याला सांगते. खोलीत खुर्च्या गोल मांडतात. आलेल्याने प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, म्हणजे बाईंचा वाढदिवस असला तरी त्यांच्या मेहुण्याचंसुद्धा. मग आपल्या खुर्चीत बसायचं, केकचा एक तुकडा खायचा, आणि उठेपर्यंत हवामानावर बोलायचं. मला ह्या गोलाचा दहा वर्षं कंटाळा आहे. पप्पा दारातच थबकले. त्यांचा चेहरा उजळला.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘हा तर वर्ग हाय!’

मी काही बोलायच्या आत ते शेजारणीसमोर जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला आणि मराठीत विचारलं, ‘बाई, तुमच्या जिवाचं कसं चाललंय?’ मग माझ्याकडे वळून, ‘सांग तिला.’

मी डचमध्ये सांगितलं, ‘ते म्हणतायत, केक छान झालाय.’

‘थँक्यू, थँक्यू,’ बाई म्हणाल्या.

‘काय म्हणायली?’

‘ठीक आहे म्हणते.’

‘मग पुन्हा विचार.’

मी पुन्हा केकची तारीफ केली. बाईंनी पप्पांना दुसरा तुकडा दिला. ह्या देशात दुसरा तुकडा म्हणजे भारतरत्न. पप्पांना वाटलं, बाईंचं मन द्रवायला लागलंय.

ह्याचा परिणाम असा झाला की शेजारीणबाईंना पप्पांमध्ये रस निर्माण झाला. ह्यांच्या आजोबांकडे उपदेशक यायचे म्हणे, डोंगरातल्या खेड्यात चालत यायचे म्हणे! आमचा हा ब्राबांट प्रांत पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक, त्यांनी मेथडिस्ट माणूस उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी डायरी काढली. इथे सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी आधी डायरी निघते. ‘दुर्गम खेड्यांतील आद्य मेथडिस्ट उपदेश’ असा विषय ठरला. वेळ चाळीस मिनिटं, त्यात कॉफी धरून. तारीख पडली ती पप्पांच्या विमानाच्या आदल्याच आठवड्यातली.

मी स्लाइड्स केल्या. नकाशा, बैलगाडी, चिंच. पप्पांनी एकदा बघितल्या.

‘हे काय दाखवायलीस?’

‘इतिहास.’

‘इतिहास दाखवत न्हाईत. करत्यात.’

मला धास्ती पडली. ह्या गावात माझं बस्तान बसायला किती वर्षं लागली ते माझं मला माहीत. डस्टबिन चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलं म्हणून चिठ्ठी येणारं हे गाव. आता कुठे लोक मला ‘ती ट्रकवाली’ म्हणून ओळखायला लागले होते. त्यात माझा बाप उभा राहून त्यांना पश्चात्ताप करा म्हणून सांगणार. मी मनाशी ठरवलं, भाषांतर आपल्या हातात आहे.

सभा भरली ती गावच्या जुन्या चर्चमध्येच. त्याचं आता समाजमंदिर झालंय. जिथे वेदी होती तिथे बार आहे, पितळी नळाचा. आमच्या घरात चार पिढ्यांत दारूचा थेंब शिवलेला नाही, आणि पप्पांना उभं केलं ते बरोबर त्या नळाशेजारी. त्यांनी नळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘आमच्या आजोबांनी गोठ्यात उपासना सुरू केली. गोठ्याचं देऊळ झालं. तुम्ही देवळाचं काय करून ठेवलंय, लाज नाही वाटत?’

मी सांगितलं, ‘ते म्हणतायत, इमारत फार सुरेख जतन केलीय.’

सगळे खूश. पप्पांनी मग चिंचेची गोष्ट सांगितली, ‘ठीक’ म्हटलं तर पुन्हा विचारायच्या नियमासकट. ही मी खरी खरी सांगितली, कारण ती मलाही आवडते. पाय दुखत्यात ह्याला हसू येईल असं मला वाटलं होतं, पण कुणी हसलं नाही. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे होते, पाय त्यांचेही दुखत असणार.

आणि मग पप्पांनी माझ्या स्लाइड्सकडे पाठ केली, पहिल्या रांगेतली खुर्ची उचलली आणि ती फिरवून ठेवली. मग दुसरी. ‘गोल करा म्हणाव. वाढदिवसासारखं.’ मी ‘वाढदिवस’ एवढाच शब्द उच्चारला आणि काय सांगू, हॉलभर खुर्च्या सरकल्या. वाढदिवसाचा गोल करायला डच माणसाला कारण विचारावं लागत नाही. पप्पा गोलात बसले, मला शेजारी बसवलं.

‘आता विचार.’

‘पप्पा, ह्यांच्यात असं विचारत नाहीत.’

‘आमच्यातबी विचारत नव्हते. म्हणून तर इचारलं.’

त्यांच्या उजव्या हाताला एक म्हातारा शेतकरी बसला होता. गावाच्या टोकाला त्याचा गोठा आहे, मी त्याला फक्त सायकलवर बघितलेलं. केकचा आधार आता नव्हता. मी मान खाली घालून डचमध्ये विचारलं, ‘ते विचारतायत, तुमच्या जिवाचं कसं चाललंय?’

‘खूट,’ तो म्हणाला. म्हणजे ठीक.

हे पप्पांना भाषांतराशिवाय समजलं. तो सूर त्यांच्या ओळखीचा. त्यांनी हात पुढे केला आणि मराठीतच पुन्हा विचारलं, सावकाश. मी पुन्हा सांगितलं. शेतकऱ्याने खिडकीकडे बघितलं.

‘गायी विकल्या,’ तो म्हणाला. ‘पोराला धंदा नको. मी अजून पाचला उठतो. गोठ्यात जाऊन दिवा लावतो, उभा राहतो, दिवा मालवून परत येतो. बायकोला सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी चालायला जातो.’

त्याची बायको त्याच्या पलीकडेच बसली होती. तिने त्याचा कोट गुडघ्यावर नीट केला. हे पप्पांना सांगताना मला एक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं, ह्याचा मला राग आला. मी हसायच्या तयारीने आले होते.

मग एकेक जण बोलत गेला. सगळं इथे लिहीत नाही, वर्गातलं बाहेर सांगत नाहीत. शेजारीणबाईंनी चाळीस मिनिटं संपल्याचं घड्याळात बघितलं आणि घड्याळ खिशात टाकलं. पप्पांना मी इतकं खुशीत आईच्या जाण्यानंतर पाहिलं नव्हतं. माझी बारी आली तेव्हा मी म्हटलं, मी दुभाषी आहे, दुभाष्याला जीव नसतो.

गोल पूर्ण झाला. पप्पा प्रार्थनेला उठायला लागले, तेवढ्यात शेतकऱ्याने त्यांच्याकडे बोट केलं.

‘आणि हे?’

‘काय म्हणायला?’ पप्पांनी विचारलं.

‘तुमचं विचारतोय.’

‘सांग की. प्रभूच्या कृपेनं ठीक.’

मी सांगितलं, ‘खूट.’

शेतकऱ्याने मान हलवली. नाही, नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुम्हीच सांगितला ना नियम. पुन्हा विचारा.’

गंमत बघा. वर्षभर मी हेच विचारत होते, रविवारचा रतीब घालून, आणि पहिल्या ‘ठीक’वर फोन ठेवत होते. चार पिढ्यांचा नियम मला ठाऊक होता. तो पाळला एका गायी विकलेल्या कॅथलिकाने. मी पप्पांकडे वळले आणि विचारलं, ‘पप्पा, तुमच्या जिवाचं कसं चाललंय?’ हा प्रश्न मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारत होते.

त्यांनी एकदा पितळी नळाकडे पाहिलं.

‘मी प्रार्थना करत न्हाई,’ ते म्हणाले. ‘तुझी आई गेल्यापासून. डोळे मिटून बसतो, लोकांना वाटतं करायलोय. घरात कुणी नसलं तरी तसाच बसतो, कुणाला दाखवायलो काय की. देवावर राग हाय का तिच्यावर, कळत न्हाई. दोघंबी बोलत न्हाईत.’ मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, ‘रात्री दाराला कडी लावत न्हाई. झोपेत काही झालं तर लोकांना दार तोडायला नको. तुझ्या आईनं हौसेनं सागवानी करून घेतलंय.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काहीही सांगता आलं असतं. ते म्हणतायत कॉफी छान होती, असंही चाललं असतं. मी शब्दन्‌शब्द सांगितलं. कडी, राग, सागवान, सगळं. सांगताना मी रडत होते आणि ते लपवायला मला हात मोकळा नव्हता, कारण पप्पांनी तो धरला होता.

कुणी सांत्वन केलं नाही. डच माणूस सांत्वनात कच्चा आहे. शेतकऱ्याने खिशातून डायरी काढली.

‘पाचला मी उठलेलाच असतो,’ तो म्हणाला. ‘तेव्हा त्यांच्याकडे किती वाजतात?’

‘साडेआठ. हिवाळ्यात साडेनऊ.’

‘मी फोन करीन.’

‘तुम्हाला त्यांची भाषा येत नाही.’

‘त्यांना तरी माझी कुठे येते,’ तो म्हणाला आणि लिहून घेतलं. ह्या डायरीची मी दहा वर्षं टिंगल केली होती.

पुढच्या आठवड्यात मी पप्पांना विमानतळावर सोडलं. इथेच राहा असं मला म्हणता आलं नाही, कारण तसं म्हणायला व्हिसा लागतो. त्या बाबतीत काही चमत्कार झाला नाही. माझा बाप सागवानी दाराच्या घरात एकटा परत गेला, आणि जो प्रश्न घेऊन मी त्यांना बोलावलं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. एकटे राहू शकत नाहीत. राहतायत.

शेतकरी रोज फोन करतो. तो रिकाम्या गोठ्यात दिवा लावून उभा असतो आणि पप्पा ओट्यावर. तो डच बोलतो, पप्पा मराठी, मध्येमध्ये दोघं मिळून इंग्रजीचा जीव घेतात. काय बोलता म्हणून मी विचारलं तर पप्पा म्हणतात, वर्गातलं बाहेर सांगत न्हाईत. प्रार्थना सुरू झाली का, तेही सांगत नाहीत.

गेल्या रविवारी मी सरळ विचारलं, ‘पप्पा, कडी लावता का?’

‘न्हाई,’ ते म्हणाले. ठीक म्हणाले नाहीत. ‘पण सकाळी साडेआठला फोन उचलायचा असतो. तवर मरायला सवड कुठं हाय? तो माणूस बिचारा गोठ्यात थंडीत उभा असतो.’

मी हसले. त्यांनी हसू दिलं, आणि मग म्हणाले, ‘तुझी बारी राहिली होती. तुझ्या जिवाचं कसं चाललंय?’

‘ठीक,’ मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी फोन ठेवला नव्हता. ओट्यावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. मला माहीत होतं ते काय करतायत, ते पुन्हा विचारणार होते आणि मग तिसऱ्यांदा. मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, ‘पप्पा, मला आईची फार आठवण येते.’